हरल्यानंतरचा सामना

आपल्या धाराशिव जिल्ह्यात 'हंगाम' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. शब्द मूळचा फारसी. वेळ, समय एवढाच त्याचा अर्थ. पण तो आपल्या मातीत असा काही रुजला आहे, की परका वाटतच नाही. खरिपाचा हंगाम, रब्बीचा हंगाम, उसाच्या गाळपाचा हंगाम असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात नुसता काळ नसतो. ज्याला आरंभ आहे, मध्य आहे, शेवट आहे आणि ज्याचा हिशेब खळ्यावर, म्हणजे अगदी शेवटी व्हायचा असतो, अशी एक वाटचाल मनात असते. मृगाचा पाऊस चुकला म्हणून जुलै महिन्यात कोणी शेतकरी वर्षाचा हिशेब मिटवून मोकळा होत नाही. तो आभाळाकडे बघतो, बियाण्याची पुन्हा जुळवाजुळव करतो आणि दुबार पेरणी करतो.

खेळांनाही असाच हंगाम असतो. आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते अशा संघांविषयी, की ज्यांचा हंगाम अर्ध्यावर पुरता बिघडला होता आणि पुढे सावरला. असे काही घडले, की वर्तमानपत्रे 'चमत्कार' म्हणून मोकळी होतात. चमत्कार म्हटले म्हणजे विचार करण्याचे श्रम वाचतात. पण या गोष्टी थोड्या जवळून पाहिल्या, तर त्यांची कारणे सापडतात. त्यांतले एक कारण तर थेट आपल्या गावच्या शाळेच्या मैदानाशी येऊन भिडते. त्याच्यासाठीच हा सारा प्रपंच.

सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. आपल्या क्रिकेटचा तो लांबचा भाऊबंद म्हणा ना. मोठ्या शहरांच्या नामांकित संघांच्या खाली तेथे लहान लहान गावांतून खेळणाऱ्या धंदेवाईक संघांची एक उतरंड आहे. तिला 'मायनर लीग' म्हणतात. वर जाण्याची आशा बाळगणारी तरुण पोरे तेथे खेळतात. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सव्वाशे ते दीडशे सामने. आठवड्यातले सहा दिवस सामना आणि एक दिवस सुटी. आता एवढ्या सामन्यांत जो संघ जूनअखेर तळाला गेला, त्याने पुढचे तीन महिने कशासाठी खेळावे? आणि गावच्या लोकांनी तरी तिकीट काढून त्याला बघायला का यावे? यावर त्या लोकांनी एक साधी युक्ती काढली आहे. यांपैकी बहुतेक लीगमध्ये हंगामाचे दोन भाग करतात. पहिल्या भागात जो अव्वल येतो, त्याची शेवटच्या फेरीतली जागा पक्की होते. मग पाटी पुसली जाते आणि दुसरा भाग शून्यापासून सुरू होतो. पहिल्या भागात सपाटून मार खाल्लेला संघही दुसऱ्या भागात अव्वल आला, तर शेवटच्या फेरीत जाऊन बसतो. म्हणजे संघ अर्ध्यावर सावरण्याची सोय त्यांनी नियमांतच करून ठेवली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

अशी सोय नसतानाही मोठ्या लीगमध्ये एकदा नवल घडले. गोष्ट १९१४ सालची. बोस्टन शहराचा 'ब्रेव्हज' नावाचा संघ ४ जुलै रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, आठ संघांत आठवा होता. लोकांनी त्याचे नाव टाकले होते. पण हंगाम दीडशेवर सामन्यांचा. उरलेल्या सामन्यांत तो संघ असा काही खेळला, की शेवटी दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा साडेदहा सामन्यांनी पुढे राहून पहिला आला. पुढे अजिंक्यपदाच्या मालिकेत फिलाडेल्फियाच्या बलाढ्य संघाला त्याने चार विरुद्ध शून्य असे हरवले. शंभर वर्षे उलटून गेली, तरी अमेरिकेत त्या संघाला 'मिरॅकल ब्रेव्हज' म्हणजे चमत्कारी ब्रेव्हज म्हणतात. मी त्यांना म्हणेन, की चमत्कारातला निम्मा वाटा दीडशे सामन्यांच्या वेळापत्रकाला द्या. जुलैमध्ये हंगाम संपला असता, तर ब्रेव्हजचे नाव आज कोणी घेतले नसते.

आता घरी येऊ. आपल्याकडे इतका लांब हंगाम नसतो. पण रणजी करंडकाची स्पर्धा साखळीची आहे. २००६-०७ च्या मोसमात मुंबईच्या संघाचे काय झाले, ते क्रिकेटच्या चाहत्यांना आठवत असेल. रणजी करंडक म्हणजे मुंबईची मिरासदारी. तोपर्यंत छत्तीस वेळा तो त्यांनी जिंकला होता. त्या वर्षी कर्णधार होता अमोल मुजुमदार आणि प्रशिक्षक प्रवीण आमरे. हंगाम सुरू झाला आणि मुंबई हरू लागली. ज्यांनी सदैव माथ्यावर राहायचे, ते गटाच्या तळाला गेले. तळाच्या संघाला खालच्या गटात ढकलण्याचा नियम होता; म्हणजे करंडक राहिला बाजूला, अब्रू कशी वाचवायची, हाच प्रश्न.

मग मुंबई जिंकू लागली. एक सामना, पुढे आणखी एक, असे करत उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचली. तो सामना बडोद्याविरुद्ध, बडोद्यालाच होता. दुसऱ्या डावात मुंबईची अवस्था काय झाली असेल? फलकावर एकही धाव लागलेली नाही आणि पाच गडी तंबूत! शून्यावर पाच. अशी अवस्था तालुक्याच्या सामन्यातसुद्धा सहसा कोणाची होत नाही. तरीही खालच्या फलंदाजांनी जमेल तेवढ्या धावा गोळा केल्या आणि मुंबईने तो सामना जिंकला. फेब्रुवारी २००७ मध्ये वानखेडे मैदानावर अंतिम सामना झाला. त्यात सचिन तेंडुलकरने शतक काढले आणि मुंबईने बंगालला १३२ धावांनी हरवून करंडक सदतिसाव्यांदा घरी नेला.

या अमोल मुजुमदारविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्यांचे नाव या बोलण्यात पुन्हा यायचे आहे. १९८८ साली शारदाश्रम शाळेच्या सचिन आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा होता अमोल मुजुमदार. तो बसूनच राहिला. पुढे रणजीतल्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा केल्या. सगळी कारकीर्द धरून प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा जमवल्या. पण भारताच्या संघात त्याला एकदाही जागा मिळाली नाही. वाट पाहणे म्हणजे काय, हे या गृहस्थांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. २०२३ च्या ऑक्टोबरात ते भारताच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

आता २०२५ साल. त्या सप्टेंबरच्या अखेरीचे दिवस आपल्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. परंडा आणि भूम तालुक्यांत पुराचे पाणी शिवारात शिरले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, कुठे कुठे तर पिकाबरोबर मातीही वाहून गेली. त्याच सुमारास, ३० सप्टेंबरला, गुवाहाटीत महिलांच्या विश्वचषक स्पर्धेला सुरुवात झाली. आठ संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एक सामना खेळायचा, म्हणजे प्रत्येकी सात सामने. आणि पहिले चार उपांत्य फेरीत. अशी ती साखळी होती.

भारताने श्रीलंका आणि पाकिस्तान यांना हरवले. पुढे मात्र एकामागून एक तीन पराभव. ९ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेचे पाच गडी ८१ धावांत बाद केल्यावर सामना हातातून गेला. नादीन डी क्लर्क या मुलीने नाबाद ८४ धावा फटकावून तो ओढून नेला. १२ तारखेला ऑस्ट्रेलियासमोर ३३० धावा केल्या, तरी ऑस्ट्रेलियाने त्या पार केल्या. एवढ्या धावांचा यशस्वी पाठलाग महिलांच्या एक दिवसाच्या क्रिकेटमध्ये तोपर्यंत कोणी केला नव्हता. १९ तारखेला इंदूरला इंग्लंडच्या २८८ धावांचा पाठलाग करताना आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने ८८ आणि कर्णधार हरमनप्रीत कौरने ७० धावा केल्या. सामना खिशात होता म्हणा ना! आणि चार धावांनी हरला. पाच सामने, दोन विजय, तीन पराभव, गुण चार. न्यूझीलंडचेही चारच गुण. दोघांचा सामना २३ तारखेला नवी मुंबईत होता. जो हरेल, त्याचा हंगाम जवळजवळ संपलाच.

आता इथे जरा थांबू या. इंदूरचा पराभव १९ च्या रात्री झाला आणि पुढचा सामना २३ ला होता. दिवाळीचे दिवस. साऱ्या देशाचे टीकाकार शब्दांची आतषबाजी करीत होते. कर्णधार बदला, गोलंदाज बदला, प्रशिक्षक बदला! प्रशिक्षक म्हणजे तेच मुजुमदार, की ज्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात भारताकडून एकही सामना खेळलेला नव्हता. तेव्हा तोंडाळ लोकांना आयतेच निमित्त. अशा वेळी संघाने काय करावे?

पराभव कसा झाला, हे आधी नीट पाहावे लागते. एकाच अंकात लिहिलेले तीन पराभव, पण त्यांची जात एक नसते. ज्याला शंभर धावांनी धूळ चारली गेली, त्याचे दुखणे निराळे. आणि जो तिन्ही वेळा उंबरठ्यापर्यंत जाऊन परतला, त्याचे निराळे. भारताचे दुखणे दुसऱ्या जातीचे होते. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३० धावा करणारा संघ अशक्त नव्हता. त्याला मोडतोडीची गरज नव्हती, डागडुजीची होती. ताप आला म्हणून कोणी घर पाडत नाही.

आणि झाली ती डागडुजीच. जेमिमा रॉड्रिग्ज ही मुंबईची मुलगी इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात संघाबाहेर होती. एक गोलंदाज वाढवायचा म्हणून तिची जागा गेली होती. न्यूझीलंडविरुद्ध तिला परत आणले आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. स्मृती मानधना आणि प्रतिका रावळ या सलामीच्या दोघींनी शतके केली, जेमिमाने नाबाद ७६ केल्या. भारताने ३४० धावा उभ्या केल्या, पावसाच्या व्यत्ययानंतरही सामना ५३ धावांनी जिंकला आणि उपांत्य फेरी गाठली. बघा, कर्णधार तीच, सलामीच्या दोघी त्याच, प्रशिक्षक तेच. बदलले ते एका खेळाडूचे स्थान.

पुढची हकीकत आपण रेडिओवर ऐकली असेल, दूरदर्शन संचावर पाहिली असेल. बांगलादेशाविरुद्धचा सामना पावसाने अर्धवट राहिला आणि त्यात प्रतिका रावळ जायबंदी झाली. तिच्या जागी शफाली वर्माला बोलावून घेतले. मूळ पंधरा जणींत तिचे नावच नव्हते. ३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. अठरा दिवसांपूर्वी याच ऑस्ट्रेलियाने आपल्या ३३० धावा ओलांडल्या होत्या. आता पाळी आपली होती. जेमिमाने नाबाद १२७ धावा केल्या, हरमनप्रीतने ८९, आणि भारताने पाच गडी राखून सामना जिंकला. २ नोव्हेंबरच्या रात्री नवी मुंबईत शफालीने ८७ धावा काढल्या आणि वर दोन बळी घेतले. दीप्ती शर्माने ५८ धावा आणि पाच बळी अशी दुहेरी कामगिरी केली. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताच्या मुलींनी विश्वचषक पहिल्यांदा जिंकला.

श्रोतेहो, गंमत अशी की अंतिम सामन्यात हरलेल्या दक्षिण आफ्रिकेची कथाही याच जातीची आहे. त्यांचा पहिला सामना इंग्लंडशी होता. त्यात त्या मुली ६९ धावांत गारद झाल्या आणि दहा गड्यांनी हरल्या. पहिल्याच दिवशी अशी शोभा! त्याच संघाने उपांत्य सामन्यात त्याच इंग्लंडला १२५ धावांनी हरवले. म्हणजे त्या रात्री मैदानावर समोरासमोर उभे होते ते दोन्ही संघ महिन्याभरात कधी ना कधी निकालात निघालेले होते. ही स्पर्धा 'हरला तो बाद' अशी असती, तर दक्षिण आफ्रिका पहिल्याच दिवशी विमानात बसली असती आणि भारत विशाखापट्टणमहून घरी आला असता. जेमिमाची ती खेळी झाली नसती. शफालीला कोणी बोलावले नसते. जगातल्या दोन सर्वोत्तम संघांना आपण सर्वोत्तम आहोत, हे दाखवायला जागाच उरली नसती.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर हे बोलणे कीर्तनासारखे व्हायचे. अर्ध्यावर हरणारा प्रत्येक संघ सावरतो, असे मुळीच नाही. मुंबई इंडियन्सची तीन वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहा. २०१४ साली हा संघ पहिले पाच सामने हरला आणि तरी पहिल्या चारांत गेला. त्यासाठी शेवटच्या साखळी सामन्यात राजस्थानच्या १८९ धावा पंधरा षटकांच्या आत ओलांडाव्या लागल्या, आणि आदित्य तरेच्या षटकाराने ते जमले. २०१५ साली पहिल्या सहांपैकी पाच सामने हरला आणि पुढे अंतिम सामन्यात चेन्नईला ४१ धावांनी हरवून अजिंक्य ठरला. आणि २०२२ साली? पहिले आठच्या आठ सामने हरला आणि दहा संघांत दहावा आला. मालक तेच, गाव तेच, कर्णधार तिन्ही वर्षी रोहित शर्माच. शहाणपण एका वर्षी होते आणि दुसऱ्या वर्षी आटले, असे थोडेच आहे? नशीबही लागते. जेमिमाचे त्या रात्री झेल सुटले, हेही आपण विसरू नये.

पण २०२२ च्या त्या दहाव्या क्रमांकाच्या संघाची एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. आठ सामने हरल्यावर त्याला पुढे काहीच मिळायचे नव्हते. तरी उरलेल्या सहांपैकी चार सामने त्याने जिंकले. त्यांतला शेवटचा दिल्लीविरुद्धचा. त्या विजयाने मुंबईला काही मिळाले नाही. पण दिल्लीचा संघ पहिल्या चारांतून बाहेर पडला आणि बंगळूर आत गेले. ज्याचे काही उरलेले नाही, त्याने प्रामाणिकपणे खेळलेल्या सामन्यालाही अर्थ असतो तो असा. सावरणे म्हणजे दर वेळी करंडक नव्हे. दहाव्या क्रमांकावरूनही हरल्यानंतरचा सामना नीट खेळता येतो. माझ्या मते शिकण्यासारखी विद्या तीच आहे, आणि ती व्याख्यानाने येत नाही. तो सामना प्रत्यक्ष खेळावाच लागतो.

आणि नेमका तोच सामना आपण आपल्या मुलांना देत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धांचा क्रम आपणांस माहीत आहे. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. सामने बहुधा बाद पद्धतीचे. जिंकला तो पुढे, हरला तो घरी. मी महाविद्यालयात शिकवतो. मुलांबरोबर मैदानावर जाण्याचा योग अधूनमधून येतो. सकाळी साडेदहाला पहिला सामना, अकरा-सव्वाअकराला तो हरून संपलेला आणि गावाकडे जाणारी एसटी दुपारी तीनला. मुले झाडाखाली डबे सोडून बसतात. पहिली दहा मिनिटे कोणी बोलत नाही. मग हळूच चर्चा सुरू होते. अमक्याने खो उशिरा दिला, तमक्याने खांबाकडे वळायला नको होते, आपली पहिली तुकडी चुकली, दुसरी आधी उतरवायला हवी होती. मी ऐकत असतो. ती चर्चा इतकी नेमकी असते, की इंदूरहून परतताना भारतीय संघात याहून वेगळे काय बोलणे झाले असेल, असे वाटावे. पण भारतीय संघापुढे २३ तारीख होती. या मुलांपुढे दुपारची एसटी असते. सापडलेले उत्तर वापरून पाहायला पुढचा सामना येतो तो एक वर्षाने; आणि तोवर त्यांतली निम्मी मुले शाळा सोडून गेलेली असतात.

आपला जिल्हा खो-खोचा आहे, हे मी सांगायला नको. आपल्या धाराशिवच्या सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा मुली घडतात त्या हरल्यावरही पुन्हा मैदानावर उतरण्याची संधी मिळते म्हणून. खो-खोची जातही तशीच आहे. एका डावात पाठलाग, एका डावात बचाव, आणि मागे पडलेल्याला दुसरा डाव आहेच. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत 'अल्टिमेट खो-खो'ची पहिली स्पर्धा झाली. तीही साखळीची होती. सहा संघांनी एकमेकांशी दोन दोन सामने खेळायचे. अंतिम सामना ओडिशाने तेलुगू योद्धाजविरुद्ध ४६-४५ असा एका गुणाने जिंकला, तोही अगदी अखेरच्या क्षणी. मोठ्यांसाठी, पैशाच्या खेळासाठी साखळी. आणि ज्यांना शिकायचे आहे, त्या लहानांसाठी मात्र एका फटक्यात बाद! हा न्याय उलटा नाही का?

यावर उत्तर ठरलेले आहे. साखळी परवडत नाही. वेळ नाही, पैसा नाही, पंच नाहीत. उत्तर खोटे नाही. म्हणून आपण जरा पाटीवर गणित मांडू. समजा, आठ शाळांचे संघ आहेत. बाद पद्धतीने सात सामन्यांत निकाल लागतो. त्यात चार संघ एकच सामना खेळून घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलांचा हंगाम एका तासाचा. आता त्याच आठ संघांचे चार-चारांचे दोन गट करा. प्रत्येक गटात सहा, असे बारा सामने. दोन उपांत्य आणि एक अंतिम मिळून पंधरा. सामने सातांऐवजी पंधरा झाले खरे, पण प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळाले. पहिला हरला, तर दुसरा आहे. दुसराही हरला, तरी तिसरा आहे. खो-खोचा पूर्ण सामना नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्यांचा, म्हणजे छत्तीस मिनिटांचा खेळ. मधली विश्रांती धरली, तरी तासाभरात उरकतो. दोन मैदाने आखली, तर पंधरा सामने दोन दिवसांत आरामात होतात.

आणि तालुक्याला जमत नसेल, तर खाली या. आपल्याकडे दहा-बारा गावांच्या शाळा मिळून एक केंद्र असते. एका केंद्रातल्या चार शाळांनी पावसाळा ओसरल्यावर सहा शनिवार एकमेकींच्या मैदानावर जायचे. अंतर दोन-चार किलोमीटरचे, मुले पायी किंवा सायकलीवर जातील. पंच म्हणून तिसऱ्या शाळेचे गुरुजी उभे राहतील. आखणीला फक्की, वेळेला घड्याळ आणि शिट्टी. दोन खांब तर मैदानात रोवलेलेच असतात. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर गुणांचा एक तक्ता खडूने लिहायचा. तो सहा आठवडे पुसायचा नाही, फक्त दर शनिवारी बदलायचा. अमेरिकेतल्या लोकांनी आपल्या लहान गावांच्या संघांसाठी पाटी पुसण्याची रीत काढली. आपण तीन शनिवारांनंतर पाटी पुसून दुसरा भाग नव्याने सुरू करू शकतो. सरकारी स्पर्धा आपल्या रीतीने चालू राहोत. हा आपला घरचा हंगाम.

कोणी म्हणेल, यातून खेळाडू निर्माण होतील काय? एखाददुसरा होईलही. पण माझे लक्ष बाकीच्यांकडे आहे. आपल्या मुलांपुढे जे आयुष्य आहे, ते बाद पद्धतीने खेळले जात नाही. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला पुन्हा बसावे लागते. पावसाने मारलेल्या शेतात पुन्हा उतरावे लागते. पूर ओसरल्यावर शेतकऱ्याला धीर धरा म्हणून सांगण्याचा अधिकार मला नाही; विश्वचषक जिंकल्याने कोणाच्या शेतातली वाहून गेलेली माती परत येत नाही, आणि त्याला खेळाच्या गोष्टीपेक्षा बियाण्याची व पैशाची मदत हवी असते. मी एवढेच म्हणेन, की खरीप गेल्यावर ज्वारी-हरभऱ्यासाठी रान तयार करायला तो निघतो, तेव्हा तो जे करतो, त्याचा सराव मुलांना लहानपणी, कमी किमतीत, मैदानावर मिळायला हवा. तेथे हरले तरी घरचे कोणी उपाशी राहत नाही. हरण्याची सवय लागावी म्हणून नव्हे. हरल्यानंतर काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे, याचा विवेक यावा म्हणून.

तेव्हा गुरुजनांना आणि गावच्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या हंगामात विजेत्यासाठी ढाल जरूर आणा. पण ढाल विकत घेण्यापूर्वी एक कागद पुढे घ्या आणि वेळापत्रक आखा. पहिल्या शनिवारी जो संघ हरेल, त्याच्या नावापुढे दुसऱ्या शनिवारचा सामना लिहिलेला आहे की नाही, एवढे तपासा. लिहिलेला असेल, तर आपले काम झाले. पुढचे काम मुले करतील.